प्लॅटिनमची तार

स्मिल्याना पेत्कोविचचा संत निकोलसवर विश्वास नव्हता. तरी तो घराण्याचा संत म्हणून दर डिसेंबरात ती त्याचा सण पाळत असे. बेलग्रेडमध्ये घराण्याच्या संताच्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचे नसते. ज्याला यायचे तो येतो. यजमानाने फक्त दार उघडायचे. आमंत्रणच नसल्यामुळे न येणाऱ्याला निमित्तही सांगावे लागत नाही, ही या प्रथेची दुसरी बाजू तिला वडील गेल्यावर हळूहळू कळली. आता येणारा एकच उरला होता: व्लादेता.

दोघे एकाच प्रयोगशाळेत तयार झाले होते. तो पुढे ऑस्ट्रियात, ग्राझला गेला. ती तळघरातल्या त्याच खोलीत राहिली. काम मात्र जोडीनेच चाले. तांब्याचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांवर जेमतेम काही अणूंच्या जाडीची प्लॅटिनमची साय. तांब्याचे अणू दाटीने बसतात, त्यामुळे वरच्या प्लॅटिनमलाही अंग चोरून बसावे लागते. असे दाबलेले प्लॅटिनम हायड्रोजनला जरा सैल धरते आणि लवकर सोडते. पाण्यापासून हायड्रोजन काढायला तेच हवे असते. शिवाय त्यांचे कण वापराने थकण्याऐवजी सुधारत. आतले तांबे झिरपून जाते तसा सायीवरचा दाब वाढतो, असे स्पष्टीकरण दोघांनी छापले होते, आणि त्याच शोधनिबंधाच्या बळावर व्लादेताला ग्राझमध्ये कायमची जागा मिळायची होती.

प्रयोगात विजेचे दुसरे टोक म्हणून एक प्लॅटिनमची तार असे. देशावरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या वर्षांत, शहरात साखरसुद्धा मिळत नव्हती तेव्हा, त्यांच्या प्राध्यापकांनी ती विकू दिली नव्हती. इतर लोक त्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावत. प्राध्यापक तिला भिकाऱ्याची कांडी म्हणत. त्यांच्या पश्चात ती तार बदलणे म्हणजे त्यांच्या खुर्चीत पाय पसरून बसण्यासारखे झाले. कुणी बदलली नाही.

नोव्हेंबरात तारेची काचेची नळी तडकली. दुरुस्ती होईपर्यंत स्मिल्यानाने नाइलाजाने ग्रॅफाइट लावले. कण सुधारले नाहीत. जगातल्या इतर सर्व कणांसारखे ते मुकाट्याने थकत गेले. तिने कांडी बदलली, नवे कण केले. फरक पडला नाही. तार परत आल्यावर तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. द्रावणात बुडणारे टोक कुरतडल्यासारखे दिसत होते.

तिने ग्राझला फोन लावला.

"व्लादेता, आपले कण सुधारत नाहीत. तार खातात."

"काय खातात?"

"तार. तिचं प्लॅटिनम विरघळतं आणि कणांवर जाऊन बसतं. दाबबिब काही वाढत नाही. नुसतं प्लॅटिनम वाढतं."

"अगं, शिसपेन्सिल तासून लावली असशील तू. तुझा काय भरवसा!"

"कांडी बदलून पाहिली. कण नव्याने करून पाहिले. तेच येतंय."

पलीकडे चमचा कपावर आपटल्याचा आवाज आला.

"पुढच्या महिन्यात माझं ठरायचंय, स्मिल्या."

"माहीत आहे."

"मग त्यानंतर सांगितलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"लोक आपला निबंध वाचून कण बनवताहेत. त्यांच्याकडे आपल्या प्राध्यापकांची तार नाही."

"तू ना, बाई, देव दारात उभा राहिला तरी त्याला म्हणशील, तुलनेचा प्रयोग दाखव."

"राहिला तर म्हणेन."

एरवी तो हसला असता. स्मिल्यानाने आजवर कधी विचारले नव्हते ते विचारून टाकले, "निकोलसला येतोयस ना?"

"बघतो," व्लादेता म्हणाला.

छापलेल्या चुकीची दुरुस्ती दोघांच्या सहीनेच निघते. तिने मजकूर लिहिला, सही केली आणि त्याच्याकडे पाठवला. उत्तर आले नाही.

सणाच्या दिवशी तिने मासा भाजला, गोड गहू शिजवले, मेणबत्ती लावली आणि दोन ताटे मांडली. मध्ये सणाची पोळी ठेवली. जाड, वर कणकेची नक्षी असलेली. ती यजमान आणि पाहुणा यांनी मिळून हातांत धरायची, फिरवायची आणि मोडायची. दुपारी जिन्यात पावले वाजली, पण तिच्या दाराशी न थांबता वरच्या मजल्यावर गेली. अंधारून आल्यावर फोन थरथरला. व्लादेताचा संदेश होता.

"सही करून पाठवली. इथे ग्रॅफाइट लावून पाहिलं, तेच आलं. जागेचं आता कठीण आहे. रस्ते मोकळे आहेत, पण येत नाही."

तिने तो पुन्हा वाचला. त्याने बर्फाचे निमित्त सांगितले नव्हते, तापाचेही नाही. निरीक्षण जसे होते तसे नोंदवले होते. आणखी काही मागण्याचा तिला अधिकार नव्हता. तिने "मिळाली" एवढे लिहिले, आणि त्यापुढे काय लिहावे हे न सुचल्यामुळे तेवढेच पाठवले.

मग तिने पोळी उचलली. एका माणसाला ती धड फिरवता येत नाही. तिने टेबलाच्या कडेला टेकवून फिरवली आणि मोडली. मोठा तुकडा ज्याच्या हातात येतो त्याचे वर्ष चांगले जाते म्हणतात. दोन्ही तुकडे तिच्याच हातात होते. एवढ्या माहितीवरून निष्कर्ष काढता येत नव्हता.

तिने रिवाजाप्रमाणे वाइनच्या थेंबांनी मेणबत्ती विझवली आणि थंड झालेला मासा एका ताटात वाढून घेतला.