न हलणारी गोगलगाय

मित्रांनो, मी लायब्ररी आहे, चांगली अकरा वर्षांची जुनी. पण माझ्यात शोधूनही एक पुस्तक सापडायचे नाही. माझ्या फळ्यांवर ॲप्स असतात. लहान मुलांना अक्षरे, आकडे, नकाशे शिकवणारी ॲप्स, आणि सगळी ओपन सोर्स. म्हणजे ज्याने ॲप बनवले त्याने त्याची आतली कृती, म्हणजे कोडही, उघडी ठेवलेली असते. कुणीही ती वाचावी, सुधारावी, पुढे वाटावी. मला कुलूप नाही, आणि किल्लीवाला तर नाहीच नाही.

माझा जन्म एका शाळेच्या संगणकखोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. मला घडवणारी दोघे सख्खी भावंडे. धाकटी बहीण त्याच शाळेत लहान वर्गांना शिकवते, तिला सगळे बाई म्हणतात. थोरला भाऊ एका कार्यालयात सॉफ्टवेअर दुरुस्त करतो. तो तिचा दादा, म्हणून हळूहळू अख्ख्या शाळेचा दादा झाला. दर शनिवारी दुपारी डबा खाऊन हात पुसत तो माझ्यासमोर बसतो.

या दोघांची काम करण्याची पद्धत पाहून मी आजही थक्क होते. नवे ॲप आले की दादा त्याची कृती ओळ न् ओळ वाचायचा. त्यात जाहिरात दडली आहे का, मुलाचे नाव-गाव गुपचूप कुठे पाठवले जाते आहे का, हे तो तांदूळ निवडावेत तसे निवडायचा. मग पाळी बाईंची. त्या एका मुलाला चटईवर बसवायच्या, हातात टॅब्लेट द्यायच्या, आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. तोंडातून शब्द काढायचा नाही. मूल अडले आणि बाईंना तीनदा बोलावे लागले, की ते ॲप नापास. ज्याने बनवले त्याला नम्र पत्र जायचे, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण सुधारून परत पाठवायचे.

दोघांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवली होती. मुलांवर नजर ठेवायची नाही. कोणते मूल काय उघडते, किती वेळ बसते, याची मोजदाद माझ्यात कुठेच नाही. इतर लायब्रऱ्यांना हे वेडेपण वाटते. मला मात्र त्याचा फार अभिमान आहे.

मी वाढत गेले. चाळीस ॲप्सची चारशे झाली. दूरदूरच्या शाळा माझी नक्कल उतरवून घेऊ लागल्या आणि कौतुकाची पत्रे येऊ लागली. पण भरलेल्या माळ्याचे जे होते तेच माझे झाले. हवे ते सापडेना. काही ॲप्स उघडताच बंद पडू लागली. तक्रारी वाढल्या, तेव्हा दादाने कंबर कसली. मला सुधारायचे ठरले.

त्याने नियम केला, की दोन वर्षांत ज्याच्या कृतीत काहीच बदल झाला नाही, ते ॲप टाकून दिलेले समजायचे आणि फळीवरून काढायचे. त्याच्या धंद्यातली माणसे असाच हिशेब लावतात. ज्याची डागडुजी थांबली ते मेले. बाईंनी एकदा विचारलेही, की अरे, एकेक बघून काढूया का. पण चारशे एकेक बघायची म्हणजे वर्ष गेले असते. एका शनिवारी एकशे तीस ॲप्स उतरली. खोटे कशाला सांगू, मलाही हलके वाटले. केस कापून आल्यासारखे.

दहा-बारा दिवसांनी एका आईचे पत्र आले.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासण्याचे काम करत होती. तिची मुलगी सहा वर्षांची. हुशार, पण कुणी घाई केली की तिची बोटे आखडत आणि तोंड मिटे. माझ्या फळीवर ‘गोगलगाय’ नावाचे एक साधे ॲप होते. एक चित्र, खाली विखुरलेली अक्षरे, आणि कोपऱ्यात एक गोगलगाय. अक्षरे ओढून शब्द जुळवायचा. घड्याळ नाही, गुण नाहीत, चुकले तर भोंगा नाही. एक अक्षर जागेवर न्यायला त्या मुलीला कधी अकरा मिनिटे लागत. आईने लिहिले होते, “मी मोजलेली आहेत.” एकविसाव्या दिवशी मुलीने पहिला शब्द जुळवला, मग दुसरा, मग बारा. आणि टॅब्लेट बिघडून नवा आला, तर त्यावर घ्यायला गोगलगाय कुठेच नव्हती.

आईने दुसरी तीन ॲप्स देऊन पाहिली. पहिल्यातच घड्याळ टिकटिकले. मुलीने टॅब्लेट पालथा घातला, आणि तेव्हापासून ती कागदावरच्या अक्षरांकडेही बघत नव्हती. शाळा सुरू व्हायला सहा आठवडे उरले होते. पत्राच्या शेवटी आईने लिहिले होते, “मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. माझ्याच हातून चुकून पुसलं गेलं असेल, तर माफ करा.”

दादाने ते वाक्य दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

“चार वर्षांत त्यात एक ओळ बदललेली नाही गं,” तो म्हणाला. “मला वाटलं, बेवारस आहे.”

“दादा, बदलायला काही बिघडलं तर पाहिजे ना.”

त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “कोण वापरतंय हे कळायला मार्गच नाही आपल्याकडे. मोजायला लागायचं का?”

“मोजायचं नाही,” बाई म्हणाल्या. “विचारायचं. आपण कधी कुणाला विचारलंच नाही.”

मित्रांनो, ओपन सोर्सची हीच पुण्याई. फळीवरून उतरले तरी गोगलगायीची कृती जपलेली होती. पण नव्या टॅब्लेटवर ती चालेना. दादाने रजा टाकली आणि आठवडाभरात तिला चालती केली. आता हात लागलाच आहे, तर मुलांना थोडी मदत करावी म्हणून त्याने एक भरही घातली. अर्धे मिनिट कुणी काही केले नाही, तर गोगलगाय हळूच शिंगे हलवायची. दिसायला इतकी गोड, की बाईंनाही हसू आले.

शनिवारी आई मुलीला घेऊन आली. मुलगी चटईवर बसली. बाईंनी हात पाठीमागे घेतले. आई दारापाशीच थांबली, पर्सचा पट्टा मुठीत आवळून. पडद्यावर मगरीचे चित्र आले. मुलीचे बोट ‘म’कडे निघाले, मध्येच थांबले, विचार करू लागले. अर्धे मिनिट झाले. गोगलगायीने शिंगे हलवली.

मुलीने बोट मागे घेतले आणि टॅब्लेट पालथा घातला.

दादाचा चेहरा पडला. तेव्हा आई दारातूनच, अगदी हळू म्हणाली, “आधी ती हलायची नाही हो. ती नुसती असायची.”

शिकल्या-सवरलेल्या कितीतरी माणसांनी मला सूचना केल्या आहेत. पण इतकी नेमकी सूचना मी ऐकलेली नाही. दादाने वाद घातला नाही, समजावले नाही. तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला आणि आठवडाभर कौतुकाने घातलेली ती भर त्याने दहा मिनिटांत काढून टाकली.

टॅब्लेट पुन्हा चटईवर पालथाच ठेवला. मुलगी बराच वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने तो सुलटा केला. मगर. विखुरलेली अक्षरे. स्तब्ध गोगलगाय. बाहेर मोठ्या वर्गाची मुले सुट्टीतल्या संगणकवर्गाला येऊन दारात खोळंबली होती, त्यांना बाईंनी डोळ्यांनीच मैदानाकडे पिटाळले. ‘म’ बसला. किती वेळ लागला, ते मी सांगणार नाही. या वेळी आईनेही मोजले नाही. ‘ग’ बसला. ‘र’ अर्ध्या वाटेत सुटला, पुन्हा उचलला, बसला.

“मगर,” मुलगी म्हणाली. आणि दादाकडे न बघताच, “दादा, पुढचा.”

आईने पट्टा सोडला. तिच्या तळहातावर त्याचा वळ उमटला होता.

त्यानंतर ती एकशे तीसही ॲप्स एकेक करून पाहिली गेली. खरोखर मोडलेली होती ती गेली. एकोणचाळीस परत आली, आणि त्यांच्यासाठी माझ्यात ‘पूर्ण झालेली’ अशी वेगळी फळी बनली. प्रत्येक ॲपखाली आता एक कोरी चिठ्ठी असते. नाव नको, गाव नको. वाटले तर दोन ओळी लिहाव्यात. दर गुरुवारी दुकान बंद असते, तेव्हा त्या मुलीची आई बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचते आणि कुठे काय खटकते आहे ते दादाला कळवते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. काळजी करण्याची तिची सवय आता माझ्या तीनशेहून अधिक पोरांच्या कामी येते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जी वस्तू बिनतक्रार तुमच्या उपयोगी पडते, तिच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही, आणि मग ती सांभाळणाऱ्यांना वाटते की ती कुणालाच नको आहे. बिघडले की तुम्ही सांगताच. नीट चालते तेव्हाही सांगत जा. कसे सांगायचे हे कळत नसेल, तर गोगलगायीखालची पहिली चिठ्ठी वाचा. ती त्या आईच्या हातची आहे.

“चालू आहे. घाई करत नाही. काढू नका.”