लायनरचा तिसरा जोड

डॉक्टरांनी हात टेकले, त्या आठवड्यात बारक्याने थोरल्या भावाकडे एकच मागणं मागितलं. "दादा, ती मोटारसायकल उभी कर. एकदा बसतो तिच्यावर, मग मी मोकळा."

ती मोटारसायकल म्हणजे दोघा भावांनी मिसरूड फुटायच्या वयात भंगारातून उचलून आणलेलं धूड. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून ती म्हातारी झाली. थोरला नावाजलेला मेस्त्री, लोकांच्या गाड्या बोललेल्या दिवशी देणारा. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

इंजिन त्याने लवकरच बोलतं केलं. घोडं अडलं ते पुढच्या ब्रेकपाशी. चाकातला ब्रेकचा ड्रम आतून इतका झिजला होता की कडेला पायरीच पडली होती. नवशिका त्या कडेवर माप घेतो आणि तोंडघशी पडतो. मेस्त्रीने व्हर्निअर पार आत घालून माप घेतलं आणि ड्रम लेथवर साफ करून आणला. त्याने आतला घेर वाढला, आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे बाजारातले तयार लायनर त्याला पातळ पडू लागले. मग जाड पट्टीचे तुकडे कापून ब्रेकच्या कमानीवर, म्हणजे शूवर, रिव्हेटने बसवायचे आणि ड्रमच्या गोलाईला जुळेपर्यंत हाताने घासायचे, एवढाच मार्ग उरला. ड्रमच्या आत खडू फासायचा, चाक फिरवायचं, ब्रेक हलका दाबायचा आणि लायनरवर जिथे पांढरं उमटेल तिथेच कानस चालवायची. उतावळ्याचं ते कामच नव्हे.

कानस बारक्याने मागून घेतली. त्याचा सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. त्याची बायको त्याला सकाळी धरून धरून गॅरेजात आणायची, पाठीशी उशी द्यायची आणि जाता जाता मेस्त्रीला दाराशी गाठायची. "भाऊजी, होईल ना वेळेत? जीव अडकलाय हो त्यांचा त्या गाडीत."

"होणार म्हणजे होणार," मेस्त्री म्हणायचा. बारक्याच्या पायातलं बळ डोळ्यांदेखत चाललं होतं.

पहिला जोड वाया गेला. लायनर जास्त घासले गेले. ब्रेक कितीही ओढला तरी चाक आपलं फिरतंच. "हात थरथरतो रे," बारक्या म्हणाला. मेस्त्रीने दुसरा जोड बसवून दिला. त्याचीही तीच गत झाली.

"आण ती कानस इकडे. मी घासतो," मेस्त्री म्हणाला.

"राहू दे की माझ्याकडे. पुढे आरामच आराम आहे मला," बारक्या हसला. तसलं हसणं मेस्त्रीला बघवत नव्हतं.

हात नेमका कुठे घसरतोय हे तरी कळावं, म्हणून बारक्या घरी गेल्यावर मेस्त्रीने दोन्ही वाया गेलेले जोड मापायला घेतले. टोकाला, मध्ये, दुसऱ्या टोकाला. सगळीकडे माप तंतोतंत एकच. त्याने व्हर्निअर पुसून परत लावून पाहिला. थरथरत्या हाताचं काम कुठे उतरतं, कुठे खड्डा पाडतं. हे कसलेल्या हाताचं काम होतं. बरोबर मापाला आल्यावर या पठ्ठ्याने आणखी एक थर सगळीकडून सारखा काढून टाकला होता. मेस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी बारक्या टेकून बसतो न बसतो, तोच मेस्त्रीने शू त्याच्यापुढे आपटला. "मुद्दाम केलंस? मी इथे रक्ताचं पाणी करतोय, आणि तू खेळ मांडलायस?"

बारक्याने त्या लायनरवरून बोटं फिरवली. "गाडी झाली की बसायचं ना, दादा?"

"मग? तूच म्हणालास ना?"

"म्हणालो. बसलो की मोकळा, असं म्हणालो. पण मला नाही रे मोकळं व्हायचं." त्याने शू मांडीवर ठेवला. "रात्री अंधारात भीती वाटते. मग मनाला सांगतो, सकाळी लायनर घासायचेत. तेवढ्यावर डोळा लागतो. हिला सांगू नकोस."

आपण भावाला लवकर लवकर कुठे पोचवायला निघालो होतो, या विचाराने मेस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने उरलेली पट्टी कापली आणि तिसरा जोड ठोकला.

बारक्याने कानस धरली, पण ती हातातून सुटून पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. "तूच घास," तो म्हणाला.

मेस्त्री घासायला बसला. खडू, चाक, कानस. दुपारी लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं उमटलं, आणि ब्रेक ओढताच चाक जागच्या जागी थांबलं.

"बसलं का रे?" बारक्याने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मेस्त्रीने चाक उतरवलं, शू काढून बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत आवळला आणि सगळा जोर लावून कानस ओढली. जन्मात कुणाचं काम न बिघडवलेल्या माणसाने तो लायनर वेडावाकडा, रिव्हेटची डोकी उघडी पडेपर्यंत घासला.

"गेलं," तो म्हणाला. "अंदाजच चुकला बघ."

बारक्याने शू हातात घेतला. "काय ही दशा! आणि लोक तुला मेस्त्री म्हणतात."

"उद्या नवीन लावू."

"उद्या," बारक्या म्हणाला, आणि उशीला टेकून त्याने डोळे मिटले.

पट्टी संपली होती. मेस्त्रीने पट्टीचा रिकामा खोका पायानेच बाकाखाली सरकवला.