कामाचे कपडे

माझं पोट फुगत चाललं होतं आणि हातापायांच्या मात्र काड्या झाल्या होत्या. तपासण्या बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय?"

"मी केलंय, पत्र्यांच्या कारखान्यात," नवरा म्हणाला. "पण मी तर ठणठणीत आहे!"

"तुमचे धुळीने माखलेले कपडे कोण झटकायचं, धुवायचं?"

"मीच. दुसरं कोण?" मी म्हणाले.

नवरा खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला.

"ऑपरेशन करून गाठी काढू. मग लगेच गरम औषधाने पोट आतून धुऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चला, हे धुणं तरी माझ्या गळ्यात नाही."

नवरा दाराशी जाऊन शर्टाची स्वच्छ बाही उगाचच झटकायला लागला.

"झटकू नका!" मी खेकसले.