शिरा काढलेलं पान

कावेरी स्वप्नाळू होती, आणि कानडी मुलखातल्या चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीला ते ठाऊक होतं. इकडे दूध उतू जाई आणि बाईसाहेब खिडकीतून शेजारच्या झावळ्या बघत बसलेल्या असत. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती नापास झाली, तेव्हा तिचे वडील नरसिंहराव शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा बस. या खेपेला नापास झालीस तर कॉलेज बंद, वैशाखात लग्न. सरी?"

"सरी, अण्णा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. परीक्षेच्या टेबलावर तिच्यापुढे नागवेलीचा तुकडा ठेवला होता, एकच पान असलेला. एकदल की द्विदल, ते पुराव्यानिशी सांगायचं. खोडाचा पातळ काप करून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती हरवलीच. हिरवट उजेडात रसवाहिन्यांचे ठिपकेच ठिपके, जत्रेतल्या दिव्यांसारखे. द्विदलांचे ठिपके रिंगण धरतात. हे मात्र पार आतपर्यंत विखुरलेले, गवतात नि नारळात असतात तसे. किती छान दिसतंय, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

"हे काय केलंस, अम्मा?"

परीक्षक भीमाचार्य मागे उभे होते. रागाच्या भरात त्यांचं इंग्रजी सुटून घरचं मराठी बाहेर आलं होतं.

कावेरीनं हाताकडे पाहिलं. रोज जेवणानंतर अण्णांच्या विड्यासाठी करायची तसंच, तिच्या बोटांनी तिला न विचारता पानाचा देठ खुडला होता आणि नखानं पाठीवरच्या सगळ्या शिरा सोलून काढल्या होत्या.

"ज्यांच्यावरून ओळखायचं त्याच शिरा काढल्यास. आता काय बघून लिहिणार?"

संपलं सगळं, तिला वाटलं. मग तिनं कागद पुढे ओढला. देठापासून निघणाऱ्या सात शिरा आणि त्यांच्यामधलं बारीक जाळं तिनं एका दमात रेखाटलं. बोटांना ते पाठ होतं.

"जाळं आहे, म्हणजे द्विदल."

"आणि ते विखुरलेले ठिपके?"

"ते एकदलासारखे आहेत खरे. पण सर, घराणी दोनच, हे कुणी ठरवलं? या वेलीला दोन्हीकडे स्वल्प अवघडल्यासारखं होत असेल."

भीमाचार्यांनी चित्र उचलून सोललेल्या पानाशेजारी धरलं. मग त्यांनी हसू दाबत तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

"पुढं काय शिकणार आहेस?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिला एकदम रडू फुटलं.