मास्तरांचे माप

मी एक जुनी मापाची टेप आहे. रंग पिवळा, कडा विरलेल्या, एका टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच निसटलेली. मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात तुम्ही मला पाहिले असेल. पण मी जे पाहिले, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, तेव्हाच माझा धर्म ठरला. आहे ते सांगायचे. कंबर साहेबाची असो की हमालाची, देवाने दिलेला देह जेवढा, तेवढाच दाखवायचा. मग मी एका शिंपीमास्तरांच्या गळ्यात पडले. माझी दोन्ही टोके त्यांच्या छातीवर लोंबत, त्यामुळे आतली धडधडही मला कळे. दुकान चिंचोळे, पण मास्तरांचा हात असा की लोक म्हणत, तुमच्या टेपला दृष्ट लागेल. मीही तेव्हा फुशारून जाई.

आणि एके दिवशी मी हबकलेच! नेहमीचे गिऱ्हाईक असलेल्या ड्रायव्हरभाऊंच्या कमरेवर मी अडतीस दाखवत होते. मास्तर मोठ्याने म्हणाले, चौतीस! भाऊंची कळी खुलली. कापड मात्र अडतीसचेच कापले गेले. गिऱ्हाइकाचे मन मोडायचे नाही, ही मास्तरांची रीत. पॅन्टही बसे आणि आकडाही गोड लागे.

हीच रीत त्यांनी स्वतःलाही लावली. पॅन्ट आवळू लागली की शिवणीत राखलेले कापड उसवून सैल करायचे आणि सांगायचे, माझी कंबर लग्नापासून छत्तीस. दिवसभर मशीनवर बैठक, उठायचे ते सिगारेटपुरते. काम तुंबले की जागरण आणि चिडचिड. रक्तदाबाची गोळी डोके दुखले तरच घ्यायची. त्यांचे वडील पन्नाशीच्या आतच छातीत कळ येऊन गेले होते. त्याची आठवण काढली की मास्तर म्हणत, आयुष्य देवाच्या हाती. खरेच आहे. पण बाबांनो, गोळ्यांची डबी तर देवाने त्यांच्याच हाती दिली होती ना?

पुढे जिना चढताना त्यांची छाती आवळून येऊ लागली. तेव्हा या शहाण्या माणसाने काय केले असेल? शर्ट आटला म्हणून शर्टाच्या बाजू उसवल्या आणि दोन बोटे सैल केल्या! मी गळ्यात होते. मला ओरडता आले असते तर!

त्या सकाळी ते पुन्हा ड्रायव्हरभाऊंचे माप घेत होते. मास्तरांची बोटे मला बर्फासारखी लागली. घाम माझ्यावर टपकला. डावा हात भरून आला, कळ जबड्यापर्यंत गेली. काज-बटणे करत बसलेल्या मास्तरीणबाई सुई टाकून उठल्या.

"अहो, खाली बसा."

"गॅस झालाय गं. एवढी पॅन्ट कापतो नि बसतो."

"पॅन्ट पळून जात नाही. बसा म्हणते ना."

भाऊ गाडी काढायला धावले, पण बाईंनी तोवर रुग्णवाहिकेला फोन लावला होता. वाटेत काही झाले तर तिच्यात उपचार मिळतात, तुमच्या गाडीत काय आहे, असे त्यांनी विचारले. मास्तरांना एक पाऊलही चालू दिले नाही. स्ट्रेचरवर ठेवताना मी त्यांच्या हातातून घसरले, तशी बाईंनी मला मुठीत घट्ट धरले.

देवाची कृपा आणि बाईंची घाई, म्हणून वेळेत पोहोचलो. हृदयाची अडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली. आत वर्षानुवर्षे चरबी साचत होती आणि त्या दिवशी तिच्यावर रक्ताची गुठळी धरली होती, हे ऐकून मास्तर थक्क झाले. म्हणाले, अचानक कसं झालं?

"अचानक झालं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "अचानक कळलं."

मग त्यांनी सिगारेटचे विचारले. मास्तर म्हणाले, फक्त चहाबरोबर.

"चहा किती वेळा, ते विचारा," बाई म्हणाल्या.

साखरेची तपासणी कधीच केली नव्हती. कंबर? छत्तीस! मास्तर ठामपणे म्हणाले. बाईंनी पर्समधून मला काढले, नवऱ्याला हळूच उभे केले आणि त्याच्या पोटाभोवती गुंडाळले. मी माझा धर्म पाळला. त्रेचाळीस.

साऱ्या गावाला मोजणारा तो माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. आकडा पुसला जातो का म्हणून अंगठाही फिरवला. मग मान खाली घातली.

आता मास्तर पुन्हा दुकानात येतात, चालत. गोळ्यांची डबी कात्रीशेजारी असते. परवा ड्रायव्हरभाऊ राहिलेली पॅन्ट शिवून घ्यायला आले. मास्तरांनी मला गुंडाळले आणि मोठ्याने वाचले, "चाळीस."

भाऊंचा चेहरा उतरला. "मास्तर, माझी चौतीस होती ना?"

"ती माझ्या जिभेची होती, भाऊ. आधी रक्तदाब नि साखर तपासून या. तोवर मी कापडाला हात लावत नाही."

भाऊ रुसून निघाले. दारात थबकले, पोटावरून हात फिरवला आणि दवाखान्याच्या वाटेने वळले.

मित्रांनो, फाटलेले वस्त्र मास्तर पुन्हा शिवतील. हृदयाला शिवणीत राखलेले जादा कापड नसते. आज घरातल्या मोठ्यांच्या कमरेभोवती माझ्यासारखी एखादी टेप गुंडाळा. आकडा मोठ्याने वाचा. कोणी रागावले तर रागावू द्या, पण तो कमी करून सांगू नका.