व्हर्नेटाबाई पाण्यात उभ्या आहेत

फळ्यावरचे फोटो सरकवणारे मिशनचे प्रेसिडेंट साहेब, आरोप तुमच्यावरच आहे. शंभरेक कोवळ्या धर्मप्रचारक पोरांचे फोटो तुम्ही चुंबकाने फळ्यावर चिकटवलेत. दर सहा आठवड्यांनी एकेकाला उचलता, दुसऱ्या गावावर डकवता आणि त्याला देवाची इच्छा म्हणता. कुठल्या गावात कोण कुणाच्या हातावर विसंबून बसलंय, हे विचारायला तुम्हाला सवड होत नाही.

शनिवारी तुम्ही लमार जेप्सनचा फोटो हलवलात. मंगळवारी सकाळी आठ चाळीसच्या बसने निघ, एवढाच निरोप.

जेप्सन आयडाहोच्या बटाट्याच्या शेतांतला, वीस वर्षांचा. छातीवर काळी पट्टी, ‘एल्डर जेप्सन’. एल्डर म्हणजे थोरला. कॅन्ससमधल्या टॉलिव्हर या कॉलेजच्या गावात तो पाच महिने होता, आणि जोडीला एल्डर फिफिता, टोंगा बेटांवरचा, दाराच्या चौकटीएवढा. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हा नियम. साडेसहाला उठायचं, ग्रंथ वाचायचा, साडेनऊला पांढरा शर्ट आणि टाय चढवून सायकलवर बसायचं आणि गावभर दारं ठोठावत हिंडायचं. बहुतेक दारं तोंडावर आपटायची. वसतिगृहाच्या खिडकीतून पोरं ओरडायची, “ओ विमावाले, वर या, इथे एक जण मेलाय.”

“मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतो आम्ही,” फिफिता खालून सांगायचा. “नाव तेवढं नीट लिहून द्या.”

पाच महिन्यांत मनापासून उघडलेलं दार एकच, कॉलेजच्या खानावळीचं मागचं दार. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण व्हर्नेटा प्रुइट, वय त्रेपन्न. पहिल्याच दिवशी पट्टी वाचून त्या म्हणाल्या, “तुम्ही थोरले? मग मी काय, पणजी?” आणि मक्याचा पाव पुढे सरकवला. ऐकत गेल्या, भांडत गेल्या, शेवटी म्हणाल्या, पटलं. या पंथात कॉफी वर्ज्य, तीही सोडली. रोज सकाळी साडेचारशे पोरांची कॉफी करायची आणि थेंबाची चव घ्यायची नाही.

“पोरं म्हणतात कॉफी बिघडली,” त्या सांगायच्या. “म्हटलं असेल बाबा, मला काय कळतंय.”

अडलं ते पाण्यापाशी. बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे, शेंडीपासून नखापर्यंत. आणि लहानपणी चुलतभावांनी गंमत म्हणून तळ्यात डोकं दाबून धरल्यापासून व्हर्नेटाबाईंनी तोंडावर पाण्याचा हबका मारलेला नव्हता. ओल्या फडक्याने तोंड पुसायच्या.

मग जेप्सनने सहा आठवडे तालीम घेतली. प्रार्थनाघरात खुर्चीवर बसवून, फिफिताला समोर ठेवून. त्यांच्या पाठीला आपला उजवा तळवा, त्यांचं मनगट डाव्या हातात, नाक चिमटीत. मागे, एक, दोन, वर. मग परातीत पाणी घेऊन नुसती हनुवटी. मग ओठ. मग नाक.

“दुसऱ्या कुणाचा हात मला चालायचा नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “तुझ्या हाताने आत जाईन. नाहीतर जाणार नाही.”

तारीख ठरली होती येत्या शनिवारची. बदली मंगळवारची.

“मग मंगळवारी सकाळीच करू,” फिफिता म्हणाला, आणि दोघंही सायकलवर असे सुटले की टाय खांद्यावरून मागे फडफडत होते. ट्रॅक्टर दुरुस्तीवाले ब्रदर स्टकी गावातल्या शंभरेक भाविकांचे मुख्य. ट्रॅक्टरखालूनच म्हणाले, “प्रार्थनाघरातला बाप्तिस्म्याचा हौद भरायला तीन तास लागतात. चारला नळ सोडतो. साक्षीदार मी आणि हा डोंगर.”

मंगळवारी साडेसातला हौद काठोकाठ होता. जेप्सनला झोप लागलीच नव्हती, आणि तरी तो पायऱ्या दोन-दोन ओलांडत होता. पांढऱ्या झग्यात व्हर्नेटाबाई आल्या. पहिल्या पायरीवर थांबल्या. दुसऱ्या पायरीवर पुटपुटल्या, “अरे देवा, गरम आहे की.” कमरेएवढ्या पाण्यात पोहोचायला त्यांना वीस मिनिटं लागली.

जेप्सनने उजवा हात उंचावून प्रार्थना म्हटली. मागे, एक, दोन, वर. त्या थरथरत वर आल्या, केसांतून पाणी गळत होतं.

स्टकी काठावर वाकलेलेच होते. “अंगठा,” ते म्हणाले. “पायाचा अंगठा वर आला. परत.”

“अंगठ्याने काय पाप केलंय?”

“तोच तर कोरडा राहिला ना, व्हर्नेटाबाई. त्यालाच विचारा.”

त्या हसल्या. भीती वाटत असतानाही हसल्या, आणि जेप्सनने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बस त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याने भराभरा प्रार्थना म्हटली. व्हर्नेटाबाईंनी या खेपेला गुडघे नीट दुमडले, अंग सैल सोडलं आणि पाण्याखाली अशा गेल्या जणू अंथरुणावर पाठ टेकली. अंगठा नाही, केस नाही, झग्याचं टोक नाही. वर आल्या त्या दोन्ही हात फैलावून.

“गेले मी! फिफिता, पाहिलंस? पूर्ण गेले.”

फिफिताचे डोळे भरलेले होते. पण तो स्टकींकडे बघत होता, आणि स्टकी जेप्सनकडे.

“पोरा,” स्टकी हळूच म्हणाले, “पवित्र आत्म्याचं नाव राहिलं. पित्याचं घेतलंस, पुत्राचं घेतलंस, आणि थेट पाण्यात.”

शब्द चुकला की सगळं बाद. जेप्सनचं तोंड उतरलं. बाईंनी आपलं सगळं केलं होतं, चूक त्याची होती. त्याच्या घाईची.

“माझ्यामुळे झालं,” तो म्हणाला. “मी घड्याळ बघत होतो.”

व्हर्नेटाबाईंनी चेहऱ्यावरचं पाणी तळव्याने निपटलं. त्या तळ्यानंतर पहिल्यांदा, फडक्याशिवाय. “तिसऱ्यांदा जाईन,” त्या म्हणाल्या. “पण मला श्वास घेऊ दे. वीस मिनिटं. मला ढकललंस तर बाहेर निघेन, आणि परत या पाण्यात येणार नाही. कळलं?”

“कळलं.”

तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला. स्टकींनी उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवून हाक मारली. “प्रेसिडेंट स्वतः आहेत. जेप्सन अजून बसथांब्यावर का नाही, म्हणतात.”

जेप्सन पायऱ्या चढून आला. पांढऱ्या विजारीतून पाणी निथळत होतं, गालिच्यावर पावलं उमटत होती. दार त्याने उघडंच ठेवलं. हौद दिसत होता, आणि त्यात दोन्ही हात कठड्यावर ठेवून मोजून श्वास घेणाऱ्या व्हर्नेटाबाई.

“एल्डर,” फोनमधला आवाज म्हणाला, “तुमच्या जागी येणारा भाऊ दुपारी पोहोचतोय. तो देईल बाप्तिस्मा. कुणाच्या हातून होतो याने काय फरक पडतो? बसला अजून पंधरा मिनिटं आहेत.”

पाच महिन्यांत जेप्सनने या आवाजाला ‘हो सर’खेरीज काही म्हटलं नव्हतं. आता नवल म्हणजे त्याला भीती वाटत नव्हती, आनंद होत होता.

“सर, बाई पाण्यात उभ्या आहेत,” तो म्हणाला. “दोनदा आत जाऊन आल्यात. दुसऱ्यांदा चुकलो मी, बसच्या पायी. आता तिसऱ्यांदा जायला तयार आहेत, पण माझ्याच हाताने, आणि त्यांच्या वेळेने. बस त्याआधी जाणार. तुम्ही म्हणता देवाने माझी बदली केली. मग मी जाऊन त्यांना काय सांगू, बाहेर या, की खाली वाका? मी फोन ठेवत नाही, सर. तुमच्या तोंडून सांगा.”