रोज रिकामा येणारा डबा

मी एक जुना, दोन पुडांचा स्टीलचा डबा आहे. माझी कडी थोडी वाकडी झाली आहे, झाकणाला एका बाजूने पोचा आला आहे, पण मी कधी गळलो नाही. मित्रांनो, हे एक सोडलं तर मिरवावं असं माझ्याजवळ आता काही राहिलेलं नाही. कुणी मला घासून लख्ख केलं की मला चारचौघांत वर बघवत नाही. असं का, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली सरकली, वरून एक दणका बसला आणि मी वाटोळा होऊन बाहेर पडलो. दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस ऐटीत बसून होतो. एके दिवशी एक बाई आली. तिने मला उचललं, पाण्याने भरलं, कडी लावली आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत उलटं धरून गदागदा हलवलं. "अहो बाई, गल्ल्यावर पाणी सांडेल!" तो ओरडला. "सांडलं तर घेणार नाही," बाई म्हणाली. थेंबही सांडला नाही, आणि मी तिचा झालो.

ती एका छापखान्याच्या स्वयंपाकघरात काम करायची. छापखान्यातली माणसं दुपारी शाई लागलेले हात खसाखसा धुऊन जेवायला बसत. ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतःपुरतं आधीच माझ्यात काढून ठेवायची. रस्सा उकळत आला की त्यातला थेंब तळहातावर घेऊन चाटायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग चिमूटभर काहीतरी टाकायची. त्या चिमटीचं कौतुक सगळा छापखाना करायचा. छपाईचे खिळे जुळवणारे म्हातारे काका तर म्हणायचे, "बाई, तुम्ही रजेवर गेलात की आमच्या चुका वाढतात." त्या दिवसांत मला माझा अभिमान होता.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. येईल हळूहळू, असं सगळे म्हणाले. ते काही आलं नाही. शेजारच्या शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि तिला पत्ता लागला नाही, त्या दिवशी तिने स्वतःहून छापखान्याचं काम सोडलं. घरी बसून ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करू लागली. मला तिने वरच्या फळीवर टाकलं आणि माझ्यात सदऱ्यांची तुटकी बटणं भरून ठेवली. कितीतरी वर्षं मी बटणं सांभाळत बसलो.

मग घरी ठमी आली. ठमी म्हणजे तिच्या भावाची मुलगी, कॉलेजसाठी आत्याकडे राहायला आलेली. खरं नाव वेगळं, पण आत्याने ठमी म्हटलं आणि तेच चिकटलं. पोरीला डबा तर द्यायला हवा. आत्याने मला खाली काढलं, बटणं वाटीत ओतली आणि मला असं घासलं की माझं मलाच ओळखू येईना.

पहिले काही दिवस फार चांगले गेले. ठमी वर्गात बसून जेवायची आणि घरी येऊन खरं ते सांगायची. "आत्या, मीठ जरा जास्त झालं ग." दुसऱ्या दिवशी आत्या हात आखडायची. "आज बरोबर, पण भाजी कच्ची राहिली." आत्या तिसऱ्या दिवशी झाकण ठेवून शिजवायची. तिला स्वतःला काही लागत नव्हतं, पण हाताला जुनं आठवू लागलं होतं. "तुझा डबा बघितला की मला कळतं," ती म्हणायची. माझ्यात काय उरलं, किती उरलं, हे ती उजेडात धरून बघायची.

अशात ठमीला मित्र मिळाले. एक लंबू, नावाप्रमाणे ताडमाड, खाणाऱ्यांतला नंबर एक. दुसरी मैना, जिचं तोंड खातानाही बंद नसायचं. या दोघांनी एक टूम काढली होती. कॉलेजच्या आसपासची प्रत्येक साधी खाण्याची जागा पालथी घालायची. मोठी हॉटेलं नकोत. बाकडी, टपऱ्या, जिन्याखालचे कोपरे, असली ठिकाणं. आणि लंबूचा नियम असा, की खाऊन झाल्यावर प्रत्येकाने एक तरी खोट सांगायची. ती सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

मी ठमीच्या पिशवीतून सगळं ऐकायचो. बसस्टॉपमागचं सूप लंबूला "आंघोळीच्या पाण्याइतपत गरम" वाटलं. जिन्याखालच्या नूडल्सवाल्याकडे मैनाला खोटच सापडेना, तेव्हा ती बिचाऱ्याच्या मिशांना नावं ठेवून उठली. ठमी पोट धरधरून हसायची. घर सोडून आलेल्या पोरीला चार माणसं आपली म्हणतायत, याचा तिला आनंद होता. तो मला कळत होता. मी मात्र तिच्या पायाशी भरलेला, गार होत बसलेला असायचो.

पहिल्या दिवशी तिने मला तसंच भरलेलं घरी नेलं. आत्याने कडी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "काय चुकलं ग? मीठ का? खारट झालं का?" ठमी म्हणाली, "नाही ग, भूक नव्हती." पण आत्याला ते पटलं नाही. आपलं मन राखायला पोर असं बोलते, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळंच बदलून टाकलं, आणि ठमीने एक घास खाऊन पाहिला तर तो तोंडात धरवेना.

तेव्हा ठमीने ठरवलं, आत्याला वाईट वाटायला नको. मित्रांनो, हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कॉलेजच्या सायकलस्टँडमागे कचऱ्याचं पिंप होतं. तिथे उभी राहून ती मला उलटं करायची, चमच्याने खरवडायची, आणि मग मित्रांबरोबर जायची. एकदा तिथलं कुत्रं पुढे आलं, हुंगलं, आणि तोंड फिरवून निघून गेलं. त्याला जे कळलं ते ठमीने त्या एका घासानंतर चाखून पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी आत्या मला उघडायची आणि तिचा चेहरा फुलायचा. "चाटूनपुसून खाल्लंस की, लबाडे! कसं होतं?"

"मस्त!"

"मीठ?"

"बरोब्बर."

मग आत्या गुणगुणत मला घासायची. ते कौतुकाचे हात अंगावरून फिरायचे तेव्हा मला वाटायचं, माझ्या तळाला भोक पडावं. मी आयुष्यभर रिकामाच परत येत आलो होतो, पण रिकामेपणाची लाज मला तेव्हा पहिल्यांदा कळली. तिकडे आत्याचा हात रोज थोडा थोडा बहकत होता आणि तिला सांगणारं कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी छापखान्याचे व्यवस्थापक सदरे घेऊन आले. स्वयंपाकघर बंदच आहे, माणसं बाहेरचं खाऊन कंटाळली आहेत, असं म्हणाले. मग जरा चाचरत विचारलं, "बाई, चव परत आली का?"

"नाही आली," आत्या म्हणाली. मग तिने ओट्यावरून मला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "पण हात आला परत. हे बघा. भाचीचा डबा. रोज असा येतो. आजकालची पोरं अशी उगीच खातात का?"

ठमी दारातच उभी होती. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. आत्याने तिच्याकडे वळून विचारलं, "हो की नाही ग?" आत्याच्या तोंडावर इतका आनंद होता की ठमीने नुसती मान डोलावली. व्यवस्थापक म्हणाले, "मग सोमवारपासून या. बाहेरच्यांसाठीही मागचं दार उघडं ठेवू." मी त्यांच्या डोळ्यांसमोर चकाकत होतो.

सोमवारी सकाळी आत्याने नवं पातळ नेसून स्वयंपाक केला, मला भरलं आणि ती लगबगीने निघून गेली. ठमीचं वर्गात लक्ष लागेना. दुपारी लंबू उड्या मारत आला. "चला! छापखान्याच्या मागे नवीन खानावळ निघालीय. पहिला दिवस, आपणच पहिले!"

"आज नको," ठमी म्हणाली. "मला बरं नाही."

"खाल्लं की बरं वाटेल," म्हणत मैनाने तिचा हात धरून ओढलं. तरी तिला वाटेत सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. खानावळीत ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

आत्या आत चुलीपाशी पाठमोरी होती. वाढायला दुसरी बाई होती. शेजारच्या बाकावर खिळे जुळवणारे काका बसले होते. त्यांनी एक घास घेतला, लगेच पाण्याचा पेला संपवला, दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी. मग ताट हलकेच पुढे सरकवून "आज पोट ठीक नाही" म्हणत उठले. एकेक जण तसाच उठला. कुणाचं पोट ठीक नव्हतं, कुणाला काम आठवलं. सगळी सज्जन माणसं होती.

लंबू मात्र लंबूच. "बाप रे! नियम म्हणजे नियम. माझी खोट ऐका. मीठ नाही घातलेलं, मिठात भाजी घातलीय! आणि खालून लागलीय ती वेगळीच."

चुलीपाशी पळी थांबली. आत्या हात पुसत बाहेर आली. अर्धी टाकलेली ताटं तिने पाहिली, रिकामी बाकडी पाहिली, आणि मग तिला ठमी दिसली. तिचा जीव भांड्यात पडला.

"ठमे! बरी आलीस. अरे मुला, हिला विचार. ही रोज माझ्याच हातचं जेवते. हिचा डबा रोज रिकामा असतो. सांग ग ह्याला."

ठमीने पिशवी आणखी जवळ ओढली. मैना गोंधळून म्हणाली, "पण ठमी तर रोज आमच्याबरोबर..." आणि मैना, जिचं तोंड कधी बंद झालं नव्हतं, ती मध्येच गप्प झाली.

आत्याने पुढे येऊन ठमीच्या मांडीवरची पिशवी घेतली. मला बाहेर काढलं, कडी उघडली. सकाळी भरलं होतं तसंच सगळं होतं. ती कितीतरी वेळ माझ्यात बघत राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मी तिला पुन्हा खरं काय ते दाखवलं, आणि तेही इतक्या उशिरा.

"रोज?" तिने विचारलं.

ठमीने होकारार्थी मान हलवली.

आत्या ओरडली नाही, रडलीही नाही. तिने भांड्यांवर एकेक करून झाकणं ठेवली. ठमीने लंबूचं ताट पुढे ओढलं आणि ती भराभरा खाऊ लागली, ठसका लागला तरी खाऊ लागली. आत्याने ताट तिच्यासमोरून उचललं. "राहू दे," ती म्हणाली. "तुला सवय नाही."

त्यानंतर आत्याने मला भरलं नाही. ती पुन्हा इस्त्री करू लागली. ठमी कॉलेजमधून वेळेवर घरी यायची, पाणी भरायची, न सांगता कपड्यांच्या घड्या घालायची. "आत्या, डबा दे ना. मी खरं सांगेन," असं तिने अनेकदा म्हटलं. आत्या म्हणायची, "बाहेर खा. तुम्हाला तेच बरं." दोघी एका खोलीत असायच्या आणि मधे इस्त्रीची वाफ.

मग एक दिवस लंबू दारात आला. इतका उंच मुलगा, पण त्या दिवशी चौकटीतून वाकावं लागलं नाही, इतका तो आधीच वाकला होता. "आत्या, चुकलं माझं. तोंड सांभाळून बोलायला हवं होतं."

"नाही रे बाबा," आत्या म्हणाली. "एवढ्या माणसांत एकटा तूच बोललास." मग तिने मला उचललं. "रोज डबा खाशील माझा? आणि असंच बोलशील?"

तेव्हापासून मी लंबूबरोबर जातो. तो सगळं खात नाही. जे जमलं नसेल ते तसंच ठेवतो, आणि मला अर्धामुर्धा भरलेला परत आणून दारातच सांगतो, "मीठ बरोबर, रस्सा पातळ." आत्या बघते, मान हलवते. तिचा हात पुन्हा जागेवर येऊ लागला आहे. छापखान्याचं मागचं दार अजून बंद आहे, पण व्यवस्थापक अधूनमधून विचारून जातात. ठमी मला रोज वर्गात लंबूच्या बाकावर बघते आणि नजर फिरवते.

परवा तिने त्याच्याकडे एक घास मागितला. हळूहळू चावून खाल्ला. संध्याकाळी त्याच्यामागे ती घरात शिरली आणि आत्यापुढे उभी राहून म्हणाली, "आत्या, भाजी आतून कच्ची आहे."

आत्याने इस्त्री उभी केली. एकदा ठमीकडे पाहिलं. मग लंबूकडे वळून विचारलं, "खरं का रे?"

लंबूने खाली बघत मान डोलावली. ठमीचे कान लाल झाले. पण ती तिथून हलली नाही.

मित्रांनो, तुमच्याही दप्तरात माझा एखादा भाऊबंद असेल. तुम्हाला नसेल आवडलं, तर नका खाऊ. मित्रांबरोबर बाहेर जायचं असेल, तर खुशाल जा. पण ज्या हातांनी तुमचा डबा भरला, त्यांना फसवायला त्याला पिंपावर उलटा करू नका. उरलं असेल ते उरलेलं घेऊन घरी जा, आणि का उरलं ते तोंडाने सांगा. आम्हा डब्यांना ते सांगता येत नाही.